सड्यावरची हाळी

शहाण्णवच्या भाद्रपदात मी पाटणच्या वरच्या सड्यावर शेवाळं गोळा करत होते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडंबोडकं काळं कातळ, कधीकाळी लाव्हा थिजून झालेलं. सोबत सांगलीच्या आमच्या कॉलेजातला प्रयोगशाळेचा शिपाई बिराप्पा होता. जतकडचा, मेंढरांमागे वाढलेला. मी ओढ्यातले दगड टूथब्रशने खरवडत होते, तो वरच्या डबक्यात जाळी ओढायला गेला होता. तेवढ्यात धुकं असं उतरलं की मला माझाच हात दिसेना.

ओढा पुढे थेट कड्यावरून कोसळत होता. लाज कसली, घाबरलेच मी.

बिराप्पाने हाळी दिली. त्यांच्या माळावर धुरळ्यात माणूस चुकला की असंच करतात; हाळी आली की आवाजाच्या रोखाने सरळ चालत जायचं. मीही उलट हाळी दिली. पुन्हा दिली. त्याचा आवाज मात्र माझ्याकडे यायचा सोडून खालच्या अंगाला सरकला. मग ध्यानात आलं. माझी हाळी दरीपलीकडच्या डोंगरावर आपटून मोठी होऊन परतत होती, आणि हा बाबा तिच्याकडे निघाला होता. जतच्या माळावर कसली आलीय दरी?

"थांब" म्हणून ओरडले, तर डोंगरानेही ओरडून घेतलं. वारा दरीकडून होता. त्याचे शब्द मला कळत, माझा नुसता सूर त्याला पोचत होता. मी तोंडावर हात दाबून गप्प बसले.

"मॅडम, ओ द्या की. आवं, कुठं हाय तुमी?"

मी ओ दिली नाही. तो रडकुंडीला येऊन हाका मारत राहिला आणि मी माझाच तळवा चावत राहिले. मग त्याचाही आवाज बंद झाला. गेला, असंच मला वाटलं.

मी ओढ्यातून रांगत निघाले. वाहत्या पाण्यात शेवाळाचे लांब तंतू उताराकडे पसरतात. ते चाचपत मी उताराकडेच, म्हणजे कड्याकडेच चालले होते. याला शहाणपण कोणी म्हणणार नाही. हाताला ओला पाय लागला.

"बिराप्पा, मी. माया."

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "हाळी थांबली, मला वाटलं तुमीच कड्यावरनं गेला. मग माजं पायच उचलंनात. बसलो हितंच."

मी त्याच्या पायांपुढे हात टेकायला गेले. तिथे कातळ नव्हतं.