स्तवरप्पानं घेतलेलं माप

अय्यो, खोटं बोलत असेन तर चामुंडी बघून घेईल. त्या पुतळ्यावरून आमच्या घरात जे झालं, ते जसंच्या तसं सांगते.

वरच्या मजल्यावर आमचा भाडेकरू, स्तावरोस. ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटावरचा. बाप संगमरवराच्या खाणीत कामाला होता; हा दगडही घडवतो, चित्रंही काढतो. म्हैसूरचं काळ्या दगडाचं काम बघायला म्हणून दोन महिन्यांसाठी आला, त्याला आता बारा वर्षं झाली. मी त्याला स्तवरप्पा म्हणते. माझ्या हातचा हुळी-भात खाऊन खाऊन त्याचं पोट सुटलंय.

आमचे एक पूर्वज म्हैसूरच्या फौजेत सुभेदार होते. त्यांचा पुतळा आपल्या सभागृहात बसवायचं इथल्या मराठी समाजानं ठरवलं आणि काम दिलं स्तवरप्पाला. पण सुभेदारांचं चित्र कुणाकडेच नाही. समाजाचे अध्यक्ष माझे दीर, गंगाधरराव. ते मिशीला पीळ देत म्हणाले, "वंशज जिवंत समोर असताना चित्र हवंय कशाला?" म्हणजे आता जन्मभर सभागृहात दिरांचं थोबाड बघायचं! माझं डोकंच फिरलं.

का म्हणाल तर, सुभेदारांना मुलगी एकच. मुलीनं कुळ चालत नाही म्हणून त्यांनी मुलगा दत्तक घेतला. आमचे हे, वेंकोजीराव, आणि गंगाधरराव त्या दत्तकाच्या वंशातले. त्या मुलीच्या पोटची चौथी पिढी ती मी. रक्त माझ्यात, आणि समाजाच्या वंशावळीत त्या बिचारीचं साधं नावसुद्धा नाही. राग येणार नाही तर काय होणार? मी ह्यांना म्हटलं, "सांगा की सगळ्यांना." हे पेपरात तोंड घालून म्हणाले, "सुम्ने गप्प बस गं अंबू. गाडलेली मढी कशाला उकरतेस?"

स्तवरप्पाची पद्धत सरळ. मनानं चेहरा करायचा नाही. वंशजांच्या कपाळाची, नाकाची, हनुवटीची मापं वाकड्या पायांच्या कंपासानं घ्यायची, आणि सगळ्यांत सारखं निघेल ते दगडात आणायचं. रविवारी बावीस पुरुष दाढ्या करकरीत करून जिन्यात रांगेनं बसले. बायकांना कुणी विचारलंच नाही. कॉफी मात्र बावीस कप मीच केली.

सगळे गेल्यावर तो वही बघत म्हणाला, "अज्जी, रुंद जबडा, बसकं नाक. बावीसच्या बावीस!"

म्हणजे गंगाधररावांचीच सरशी. मी ट्रे आपटला आणि स्टुलावर बसले. "आता माझं माप घे."

"पण तुम्ही तर ह्या घरच्या सून."

"सून आहे, आणि ह्याच घरची मुलगीही आहे." मग सांगितलं त्याला सगळं. सांगता सांगता डोळे भरून आले, त्याचाही रागच आला मला. त्यानं कंपास उचलला, माझ्या नाकाला लावला आणि हसायलाच लागला.

"कुणाला बोलू नका, अज्जी."

"मी? मी कधी बोलते का रे?"

चार महिन्यांनी, दसरा झाल्यावर, गंगाधररावांनी पडदा ओढला. स्तवरप्पानं पुतळा चक्क रंगवलाही होता. त्याच्या ग्रीसमधले जुने पुतळे म्हणे रंगीतच असायचे. लाल पगडी, गालभर मिशा, आणि बाकी सगळी मी! माझं धारदार नाक, माझी टोकदार हनुवटी, माझ्या कपाळावरची रागाची आठी. आता ओळखणार, आता माझी शंभर वर्षं भरली!

"अगदी गंगाधरराव!" चिटणीस ओरडले. "तेच नाक! तोच करारीपणा!"

टाळ्यांचा कडकडाट. गंगाधररावांनी पुतळ्याशेजारी छाती फुगवून फोटो काढून घेतले. हसावं की रडावं मला कळेना. पन्नास वर्षं ह्या सगळ्यांच्या पंगती वाढल्या मी, पण मान वर करून माझं तोंड कधी एकानंही पाहिलं नव्हतं. खरंच सांगते, वाईट वाटलं.

हे मात्र पुतळ्यासमोरून हलेनात. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सावकाश माझ्याकडे आले आणि कानाशी वाकले.

"अंबू," हे म्हणाले, "मिशा शोभतात गं तुला."