पाटीवरचे दोन

वहिनी सहा वर्षं नवऱ्याशी खोटं बोलत होती, आणि तेही चोरून नव्हे. हातभर लांबीच्या काळ्या पाटीवर, पांढऱ्या ठसठशीत आकड्यांत, भरल्या मैदानासमोर. तरी कुणाला पत्ता नाही.

हे समजायचं तर त्या काळच्या शर्यती कशा असत ते आधी सांगायला हवं. आज फॉर्म्युला गाडीत बसलेल्या माणसाच्या कानात दहा जण बोलत असतात. तेव्हा गाडी एकदा सुटली की चालक एकटा. दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या, मध्ये हा बसलेला, आणि वळणावर गाडी घसरली तर अडवायला काय, तर म्हणे गवताचे भारे! डोकं ठिकाणावर असलेला माणूस असल्या गाडीत पाय टाकणार नाही, पण हे लोक रांगा लावून बसायचे. गॅरेजच्या भिंतीवर दर वर्षीचा एक फोटो असायचा, हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे चालक ओळीत उभे राहिलेले. सहा वर्षांपूर्वीच्या फोटोत अठरा जण होते. त्यातले सात गेले होते आणि दोघे कुबड्यांवर होते. वहिनी चहा प्यायला बसायची ती त्या भिंतीकडे पाठ करून.

चालकाला बाहेरची खबर मिळायची ती पाटीवरून, आणि पाटी असायची बायकोच्या नाहीतर बहिणीच्या हातात. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर फेऱ्यांची वही. आपली गाडी समोरून गेली की घड्याळ दाबायचं, मागची गेली की पुन्हा दाबायचं. मधली जी सेकंदं येतील त्या आकड्याचा पत्रा पाटीला अडकवायचा आणि पुढच्या फेरीला आपला माणूस आला की कठड्यावरून पाटी बाहेर धरायची. त्याला ती डोळ्याची पापणी लवेपर्यंतच दिसायची, पण त्या एका आकड्यावर तो गाडी हाकायचा. मागचा लांब असेल तर जरा सबुरीने, जवळ असेल तर जिवावर उदार होऊन. आरशांचा उपयोग शून्य. भरधाव गाडीत ते इतके थरथरत की मागे गाडी आहे की म्हैस, कळायचं नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी वहिनीने नवऱ्याच्या जिवलग मित्राची गाडी जळताना पाहिली. त्या दिवसापासून तिने चंगच बांधला, की ह्यांना सबुरीनेच चालवायला लावायचं. मागची गाडी तीन सेकंदांवर असली की पाटीवर पाच. पाचावर असली की सात. दोन सेकंदं पदरची. वहीत मात्र खरा आकडा. नवरा परत येऊन हेल्मेट काढायचा, घामाने निथळलेला, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. एखादी शर्यत हातची जायची, तो चिडायचा, चाकाला लाथ घालायचा. घाल म्हणायची ती मनात, लाथ घालायला पाय शाबूत आहेत ना!

नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे, कारण त्याचा धाकटा भाऊच गॅरेजचा मुख्य मेकॅनिक होता आणि तो दिवसभर दादा, दादा करत हिंडायचा. म्हणून ही सगळ्यांची वहिनी. दादाला एकाच गोष्टीचा गर्व होता. अकरा वर्षांत त्याने स्वतःच्या चुकीने गाडी कधी ठोकली नव्हती. दुसऱ्यांनी ठोकली, इंजिनाने दगा दिला, चाक निखळलं, ते वेगळं. स्वतःची चूक मात्र नाही.

आणि त्याचं वैर होतं ते गिधाडाशी. पिवळ्या गाडीच्या त्या चालकाला हे नाव दादानेच ठेवलेलं. हा गडी पुढच्याच्या मागे चिकटून राहायचा आणि त्याची चूक व्हायची वाट बघायचा. आणि निर्लज्ज किती? नाव कानावर गेल्यावर त्याने गाडीच्या नाकावर खरोखरचं गिधाड रंगवून घेतलं! दोन वर्षांपूर्वी त्याने दादाला धक्का देऊन रस्त्याबाहेर काढलं होतं. दादाचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

त्या दिवशीची शर्यत दादाची शेवटची होती. त्याने तसा शब्दच दिला होता. हातमोजे चढवता चढवता तो म्हणाला, “जिंकलो तर अजिंक्यपद. नाही जिंकलो तर तू आहेसच.”

“म्हणजे मी उत्तेजनार्थ बक्षीस का?” वहिनी म्हणाली.

तो खो खो हसला. ती म्हणाली, “अहो, आज तरी जपून हं.” तो म्हणाला, “तुझी पाटी आहे ना, मग मला काय होतंय?”

साठ फेऱ्यांची शर्यत. पंचेचाळिसाव्या फेरीपासून दादा सगळ्यांच्या पुढे, आणि मागे कोण, तर गिधाड. अंतर पाच सेकंदांचं, वहिनीच्या पाटीवर सात. मग चार, पाटीवर सहा. सत्तावन्नाव्या फेरीला तीन, पाटीवर पाच. दीर मागे जादा चाकं घेऊन उभा होता, तिथूनच ओरडला, “आलं हो गिधाड!”

अठ्ठावन्नाव्या फेरीला घड्याळाने दोन दाखवले. वहिनीने सवयीने चारचा पत्रा उचलला आणि तिचा हात थांबला. चार बघून हे निवांत होतील. शेवटच्या दोन फेऱ्यांत तो मेला ह्यांना गिळून पुढे जाईल. अकरा वर्षं घासली ह्या माणसाने, आणि अजिंक्यपद एकदाही नाही. किती वेळा ते माझ्या ह्या दोन सेकंदांनी घालवलं असेल? सहा वर्षांत तिला पहिल्यांदाच वाटलं, की ह्यांनी जिंकावं. नुसतं धडधाकट परत यावं एवढंच नाही, जिंकावं. तिने चारचा पत्रा खाली ठेवला आणि दोनचा अडकवला. आज एकदा खरं सांगून टाकू, उद्यापासून सांगायचं कामच नाही. तिला हलकं हलकं वाटलं.

दादा आला. तिने पाटी बाहेर धरली. त्याने नेहमीसारखं एक बोट वर केलं, म्हणजे दिसलं. गाडी सुसाट पुढे गेली. तिने घड्याळ दाबलं. पिवळी गाडी गेली, पुन्हा दाबलं. दोन सेकंदं आणि वर थोडंसं. दादाने अंतर राखलं होतं! तिने वहीत लिहायला पेन्सिल टेकवली.

तेवढ्यात आवाज आला.

सरळ रस्ता संपतो तिथलं वळण प्रेक्षकांच्या मांडवाआड होतं. तिथलं काही तिला दिसत नव्हतं. आधी पत्रा चिरडल्याचा आवाज, मग एक धप्प, आणि मग काहीच नाही. समोरचा सगळा मांडव उभा राहिला. मग काळा धूर वर आला. दिराच्या हातातलं चाक सुटून घरंगळत गेलं आणि तो पळत सुटला. वहिनी जागची हलली नाही. एक फेरी एक मिनिट छत्तीस सेकंदांची. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसली. येतील. छत्तीस झाले. चाळीस झाले. तिसऱ्या क्रमांकाची निळी गाडी आली आणि गेली. दोन मिनिटं झाली. तिची नजर घड्याळावरून हटेना.

दादा संध्याकाळी पाच वाजता गेला. इस्पितळाच्या हिरव्या भिंतींच्या बोळात, लाकडी बाकावर वहिनी बसली होती, घड्याळ अजून गळ्यात, आणि डॉक्टर काय बोलला ते तिला दोनदा सांगावं लागलं. ती रडली नाही. “असं कसं?” एवढंच म्हणत राहिली. “असं कसं? शेवटची होती ना ही?”

बोळात जो तो एकच बोलत होता. गिधाडाने मारलं. पिवळ्या गाडीचं नाक चेपलेलं अख्ख्या गावाने पाहिलं होतं. दुसरा पुरावा कशाला हवा? दीर दातओठ खात म्हणाला, “समोर येऊ दे, जिता सोडत नाही.”

आणि तो समोर आला. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. भुवया जळालेल्या. दीर उठला, पण ते हात बघून जागीच थांबला. वहिनी मात्र थांबली नाही.

“कशाला आलात? झालं ना समाधान? मेले ते! तुम्ही मारलंत!”

“वहिनी, मी त्याला बाहेर ओढला,” तो म्हणाला. आवाज धुराने बसलेला. “नाक चेपलं ते त्याच्या सुटलेल्या चाकावर आदळून. मी त्याच्या जवळही नव्हतो. घड्याळ तुमच्या गळ्यात आहे, तुम्हीच बघा.”

तिने बघितलं. न बघताही ठाऊक होतं. दोन सेकंदं आणि वर थोडंसं. त्या वेगाला दोन सेकंदं म्हणजे शंभर-सव्वाशे पावलं. धक्का द्यायला हात पुरणार नाही एवढं अंतर.

“उद्या सकाळी चौकशी समिती बसणार,” तो म्हणाला. “सरकारी घड्याळही हेच सांगेल. मी सुटेन. पण मग ते लिहितील, चालकाची चूक. ते मला लिहू द्यायचं नाहीये. अकरा वर्षं मी ह्या माणसाची पाठ बघत गाडी चालवली. त्याची चूक व्हायची वाट बघितली. एकदा झाली नाही, वहिनी, एकदा! आणि आज मोकळा रस्ता असताना तो एकाएकी आतल्या बाजूला दाबला, ब्रेक इतके उशिरा मारले, की जणू बाजूला कुणी घुसतंय आणि त्याला अडवायचंय. कुणीच नव्हतं तिथे. मला एवढंच सांगा, तो कुणाला अडवत होता?”

मग दिराने हळूच विचारलं, “वहिनी, पाटीवर काय होतं?”

“दोन.”

“आणि खरे किती होते?”

“दोनच. मी आज खरं...” ती अडखळली. “तुम्हाला काय माहीत, भाऊजी, खरे किती असायचे ते?”

दीर मटकन खाली बसला. फरशीवरच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“दादाला माहीत होतं,” तो म्हणाला. “दुसऱ्याच वर्षी तुमची वही बघून कळलं त्याला. म्हणाला, तुझी वहिनी दोन वाढवून दाखवते. मी म्हटलं, मग सांग की तिला. तर म्हणाला, कशाला? तिला तेवढंच निवांत वाटतं, वाटू दे. मी दोन वजा करतो, झालं.”

बाकाची कड वहिनीने दोन्ही हातांनी धरली. पाच वर्षं. पाच वर्षं तो तिच्या आकड्यातून दोन वजा करून गाडी हाकत होता आणि परत येऊन तिच्यासमोर चाकाला लाथा घालत होता, तिला संशय येऊ नये म्हणून! आणि आज तिने दोन दाखवले. दोनातून दोन गेले. तो समजला, गिधाड मानगुटीवर बसलंय. आणि तो वळला, नसलेल्या गाडीला अडवायला.

“देवा!” गिधाड म्हणाला, आणि त्या पट्टीतल्या हातांनी तोंड झाकायला गेला, पण हात लावता आला नाही.

मग ती रडली. बोळातली माणसं दूर झाली, इतकी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समिती बसली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे पेले. अध्यक्ष म्हातारे होते, स्वतः कधीकाळी चालक होते, एक पाय लाकडी. त्यांनी सरकारी घड्याळाचा कागद वाचला, गिधाडाला दोषमुक्त केलं आणि लिहून घ्यायला सांगितलं, की मागे कुणी नसताना अकारण मार्ग बदलल्याने, चालकाच्या स्वतःच्या चुकीमुळे...

“थांबा,” वहिनी म्हणाली.

दिराने तिची बाही ओढली. “वहिनी, नका. कुणाला कळणार आहे?” तिने हात सोडवून घेतला. पाटी तिने बरोबर आणली होती, दोनचा पत्रा तसाच अडकवलेला. ती तिने टेबलावर, पेले बाजूला सारून ठेवली आणि सहा वर्षांचं सगळं सांगितलं. पदरचे दोन, दादाचे वजा केलेले दोन, काल हातात घेऊन खाली ठेवलेला चारचा पत्रा. एकही गोष्ट तिने वगळली नाही. गिधाड मागच्या रांगेत उभा होता आणि खाली बघत होता.

“चूक त्यांची नाही,” ती शेवटी म्हणाली. “तेवढं खोडा.”

अध्यक्षांनी पाटीकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे, मग तिच्याकडे. त्यांना खरंच कळत नव्हतं काय लिहावं.

“पण बाई,” ते मऊ आवाजात म्हणाले, “तुम्ही लावलेला आकडा तर बरोबर होता.”

“हो,” वहिनी म्हणाली. “तेवढंच चुकलं माझं.”