समोरून काढलेला फोटो

"दाखव ना मग. कुठे आहे तुझा किडा?"

मुलाने तिसऱ्यांदा विचारलं, तेही तापाने फणफणलेल्या पोराला विचारावं तसं. आई मागच्या अंगणात आंब्याच्या खोडापाशी उभी होती, सून पायरीवर. डॉक्टरांची वेळ घेतलेली होती आणि गाडी दारात होती.

सगळं पेटलं ते एका फोटोवरून. परवा सकाळी झाडाला पाणी घालताना आईला खोडाची साल चालताना दिसली. सालीचाच रंग, सालीच्याच खपल्या, आणि खाली पाय. देवाने आपल्याला एकटीला बाजूला बोलावून काहीतरी दाखवावं, असं तिला वाटलं. तिने फोटो काढून मुलांना पाठवला, "हा कोण पाहुणा? ओळखा बरं." मुलाला नुसतं खोड दिसलं, लेकीलाही. आईने किड्याचं नाव विचारलं होतं. भावाबहिणीने आपसात बोलून तिच्याच आजाराला नाव देऊन टाकलं. मध्यंतरी दूध उतू जाऊन गॅस तसाच राहिला होता, तेही त्यात जोडलं. डॉक्टरांनी एकदा शिक्कामोर्तब केलं, की लगेच घर भाड्याने द्यायचं आणि आईने मुलाकडे राहायचं, असं ठरूनही गेलं. तिला न विचारता.

"आई, राग मानू नका," सून म्हणाली, "या वयात होतं असं. माझ्या आत्याला भिंतीवर माणसं दिसायची."

"आत्याने भिंतीचा फोटो पाठवला होता का तुला?"

मुलाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात दडवलं.

आईने आपलाच फोटो पुन्हा पाहिला. समोरून, मधोमध, जराही सावली न पडू देता काढलेला. आयुष्यभर ती दवाखान्यात एक्स-रे काढत आली होती. दिव्यापुढे धरलेल्या फिल्मवर तिला तडा दिसायचा, गाठ दिसायची. पण पेशंटने विचारलं तर तोंड उघडायचं नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. हा नियम तिने इतका पाळला, की घरीदारीही 'मला असं दिसतंय' म्हणायची सवय मोडून गेली. आणि एकदा म्हटलं, तर हे.

"गाढवपणा माझाच," ती म्हणाली. "समोरून पाहिलं तर मोडलेलं हाडसुद्धा कधी धडधाकट दिसतं. फोटो बाजूनेही काढावा लागतो. ये इकडे. गुडघे टेक."

"अगं, पँट…"

"टेक म्हणते ना. गाल खोडाला लाव आणि वर बघ."

मुलगा ओल्या मातीत बसला. खोडाच्या कडेवर त्याला एक उंचवटा दिसला. त्या उंचवट्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पुढचे दोन्ही पाय हात जोडावेत तसे. मुलगा दचकून मागे हातांवर पडला.

"आहे गं." घाईघाईने त्याने फोनवर शोधलं. "प्रार्थनाकीटक. सालीवर राहणारा. मुंग्या खातो, झाडाला काही करत नाही म्हणे." त्याचा जीव भांड्यात पडला होता. "चला, मिटलं. तू अगदी ठणठणीत आहेस."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे हा उडून गेला असता तर मी वेडी? या एवढ्याशा जिवाच्या साक्षीवर माझं घर राहिलं होय रे?"

"काळजीपोटीच गं…"

"काळजी होती तर फोन मला करायचा, बहिणीला नाही. 'आई, तुला काय दिसतंय, सांग,' एवढं विचारायला जीभ झडली असती? लाव डॉक्टरांना फोन. माझ्यासमोर."

त्याने लावला. "हो, आज यायचं होतं… नाही जमणार. आईला जरा बरं नाहीये, म्हणून…"

तिने फोन काढून घेतला. "पेशंट बोलतेय. मला बरं आहे. म्हणून येत नाहीये."

फोन परत देऊन ती नळाशी गेली. सून खाली मान घालून चहा टाकायला आत गेली. मुलगा पुन्हा खोडाशी वाकला. बहिणीला आता बाजूने काढलेला फोटो पाठवायचा होता. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"आई, कुठे गेला गं?"

नळापासूनही तिला तो दिसत होता, मुलाच्या खांद्याच्या वीतभर वर. ओले हात पदराला पुसत ती आत गेली.