काकूंनी राखलेली हिरवळ

काका वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. दुकानदारांची मापं तपासता तपासता त्यांना घरापुढच्या हिरवळीचंही माप घ्यायची खोड लागली. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. सकाळी उठलं की हिरवळीच्या कडेला उकिडवं बसायचं, पट्टी गवतात उभी धरायची आणि पाती कालच्यापेक्षा किती वर आली ते बघायचं. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव फूटपट्टी पाडलं. पाडलं पोरांनी, वापरलं मोठ्यांनी.

हिरवळ मात्र बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोला! तीस फूट लांब, वीस फूट रुंद, आणि त्यात एक तण औषधाला सापडायचं नाही. काकांची एक जाड पुठ्ठ्याची वही होती. बारा महिन्यांची बारा पानं. थंडी सरताना लोखंडी दात्यांच्या काट्यानं जमिनीला भोकं पाडायची आणि वर चाळलेलं शेणखत पसरायचं. उन्हाळ्यात गवत तीन बोटं उंच ठेवायचं, म्हणजे मुळांवर सावली राहते. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. पाणी पहाटे, उन्हात कधीही नाही. युरिया ओल्या जमिनीवर, हलक्या हातानं, आणि लगेच वर पाणी. गवताचं इतकं लाडाकोडात चाललं होतं. घरातल्या बायकोचं तसं काही नव्हतं.

काकूंकडे तण काढायचं काम होतं. त्या खुरपं घेऊन गुडघ्यावर बसायच्या आणि काका पायरीवर उभे राहून बोट दाखवायचे. "तिथे नाही, तिथे! डोळे आहेत की बटणं? गाढव कुठली!" गाढव हे काकूंचं घरातलं नावच होतं म्हणा ना. पाहुण्यांसमोर, दूधवाल्यासमोर, पोटच्या लेकीसमोर तेच नाव. एकतीस वर्षांत काकूंनी ब्र काढला नाही.

एकदा काकूंची आई राहायला आली होती. सत्तरीची बाई, नजर अधू. नुकतं बी पेरलेल्या तुकड्यावरून चार पावलं चालत गेली बिचारी. काकांनी तिच्या हातात दाताळं दिलं आणि तिची पावलं तिलाच पुसायला लावली. शेजारपाजार कुंपणावरून बघत होता. म्हातारीनं वाकून वाकून माती सारखी केली आणि विचारलं, "झालं का हो नीट, जावईबापू?" काका म्हणाले, "डावीकडचं राहिलंय." ती पुन्हा कधी त्या घरी आली नाही, आणि दोन वर्षांनी गेली. काकू त्याबद्दलही काही बोलल्या नाहीत. फक्त विसरल्या नाहीत.

मग एका वर्षी थंडी सरताना, जमिनीला भोकं पाडायच्या दिवसांतच, हातात काटा असताना काका हिरवळीवर आडवे झाले. झटका मोठा होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी पाठवताना डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेतलं.

"त्यांना ऐकू येतं, दिसतं, कळतंही सगळं. शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. पहिले सहा महिने सोन्याचे समजा. त्यात जे परत येईल ते येईल. पुढे फार आशा धरू नका."

काकांची खुर्ची खिडकीशी मांडली. त्यांना हिरवळ दिसावी, जीव रमावा, ही कल्पना लेकीची. लेक लांबच्या शहरात नोकरीला, रोज संध्याकाळी फोनवर तोंड दाखवायची आणि "बाबा, मी दिसते का?" म्हणून रडायची. तिचा बापावर जीव होता. बापानं तिला गाढव म्हटलं नव्हतं असं नाही, पण लेकींची गणितं वेगळी असतात.

गवत घोट्यापर्यंत आलं तेव्हा काकूंनी कापायचं मशीन बाहेर काढलं. त्याला हात लावायची त्यांना कधी परवानगी नव्हती. त्या दिवशी त्यांचा हेतू अगदी स्वच्छ होता, हे आधी सांगितलं पाहिजे. त्यांना वाटलं, पातं जितकं खाली तितकं बरं, महिनाभर पुन्हा बघायला नको. त्यांनी खटका सगळ्यात खालच्या खाचेत बसवला आणि निम्मी हिरवळ पार मातीपर्यंत भादरली. तेव्हा खिडकीतून आवाज आला.

शब्द नव्हता तो. घशात अडकलेलं काहीतरी होतं. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डावा हात खुर्चीच्या दांडीवर धाडधाड आपटत होता. काकू सवयीनं मान खाली घालून शिवीची वाट बघत उभ्या राहिल्या. शिवी आली नाही. येणारच नव्हती. आजही नाही, उद्याही नाही. हे त्यांना दवाखान्यात सांगितलं होतं, पण कळलं ते तेव्हा, मशीनच्या दांडीवर हात असताना. त्यांनी उरलेली निम्मी हिरवळही तेवढीच खाली कापली, आणि शेवटच्या पट्ट्याला त्यांना हसू फुटलं.

झालं, माकडाच्या हाती कोलीत मिळालं. काकू दुपारी चष्मा लावून वही वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेमकं त्याच्या उलट करायच्या. भर बारा वाजता, पाती उन्हानं मान टाकत असताना, नळी सोडायच्या. कडेच्या गुलाबाला कळ्या धरल्या तेव्हा त्या कचाकचा छाटल्या. आणि हे सगळं खिडकीखाली उभं राहून, आधी सांगून. "अहो, युरिया टाकते हं!" असं म्हणून कोरड्या ठणठणीत जमिनीवर मूठ मूठ फेकायच्या. चार दिवसांत जिथे मूठ पडली तिथे तिथे पिवळा डाग उठला. शेजारीण कुंपणावरून डोकावली. गल्लीत तिला बातमीपत्र म्हणत.

"अहो काकू, गवत जळलं की हो सगळं!"

"मला काय कळतंय त्यातलं? यांनी कधी शिकवलंच नाही," काकू म्हणाल्या. खिडकीतून घशातला आवाज आला. काकूंना त्या दिवशी जेवण गोड लागलं, आणि रात्री झोपही लागली. इतक्या वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

काकांना व्यायाम द्यायला रोज सकाळी एक मुलगी यायची. हातापायांचे व्यायाम आणि बोलण्याचे धडे, दोन्ही तिच्याकडेच. मोठी उत्साही पोरगी. दोन महिने तिनं "आ म्हणा, काका, आ" करून जिवाचा आटापिटा केला आणि काका भिंतीकडे बघत बसले. आणि एक दिवस ती ओरडलीच, "काकू! बोटं हलली! उजव्या हाताची!"

काकूंनी येऊन पाहिलं. हलली होती खरी.

"काका घरी कशावर चिडतात का हो?" तिनं विचारलं. "आत्ता खिडकीकडे बघून हात उचलायला गेले."

काकूंनी पदरानं खुर्चीची दांडी पुसायला घेतली. चोराच्या मनात चांदणं. पण त्या मुलीनं आपणच बाहेर जाऊन पिवळे डाग पाहिले, छाटलेले गुलाब पाहिले, आणि परत आली ती टाळ्या वाजवत.

"मला कळलं! काकू, तुम्हाला बागेतलं येत नाही आणि यांना तुम्हाला सांगायचं असतं. सांगता येत नाही म्हणून तडफडतात. ती तडफडच औषध आहे! माझ्या दहा व्यायामांनी होत नाही ते या रागानं होतंय. तुम्ही बिनधास्त चुका करा. गवत काय, पुन्हा येईल. सोन्याचे दिवस आहेत हे, थांबू नका."

आता आली का पंचाईत! ज्या पापाची काकूंना मनातून थोडी भीती वाटत होती, ते पाप कुणीतरी गोळीसारखं लिहून दिलं होतं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. काकूंना हसावं की रडावं कळेना. आपण माणसाला छळतो आहोत आणि तो त्यानं बरा होतो आहे! त्यांनी दोन दिवस बागेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. व्यायामवालीनं तिलाही सांगितलं होतं.

"आई, तू नळी धर, मी फोनवरून बघते," लेक म्हणाली. "बाबा काहीतरी बोलतील, आई, प्लीज."

व्यायामवाली त्या दिवशी मुद्दाम दुपारी आली आणि तिनं फोन खिडकीशी धरला. भर दुपार होती. काकूंनी नळी सोडली. काकांचा हात दांडीवर आपटला, एकदा, दोनदा. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काकूंनी मुकाट्यानं एक मूठ युरिया उचलून फेकला. आणि काकांच्या तोंडून स्पष्ट, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा शब्द बाहेर पडला.

"गाढव!"

व्यायामवालीनं उडी मारली. फोनमधून लेक हुंदके देऊन "बाबा बोलले, बाबा बोलले" म्हणत होती. बातमीपत्रानं कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. काकू नळी हातात धरून उभ्या होत्या आणि पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हे. जगातले सगळे शब्द गेले आणि परत आला तो हा. मागोमाग बाकीचे येणार. 'बटणं' येणार, 'डावीकडचं राहिलंय' येणार. काकूंना ते रांगेत उभे असलेले जणू दिसले. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या. वही उघडून चालू महिन्याचं पान काढलं आणि अक्षर न् अक्षर वाचलं. जळलेले डाग खुरप्यानं सोडवले, तिथे चाळलेली माती घातली, चांगल्या कडेची मुळं आणून लावली. पाणी उजाडायच्या आत. पात्याला धार लावून घेतली आणि खटका तीन बोटांवर ठेवला. तणासाठी गुडघ्यावर बसल्या, तर आता बोट दाखवणारं कुणी नव्हतं. काकांची पट्टीसुद्धा त्यांनी कपाटातून काढली. गवतात उभी धरायच्या आणि खिडकीकडे वळून सांगायच्या, "अहो, बरोब्बर तीन बोटं आहे हं."

काका पहिले काही दिवस संशयानं बघत राहिले. मग हात आपटायचा थांबला. मग मान सैल पडली. दोन महिन्यांत हिरवळ अशी दाटली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. काका सकाळपासून दुपारपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे, डोळे निवलेले, तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू. बोटं मांडीवर पडून असायची. घशातला आवाजही गेला. सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

व्यायामवाली चक्रावली. "काकू, सगळं जागच्या जागी थांबलंय. तुम्ही चुका करायच्या सोडल्यात का?"

"अगं, त्यांना त्रास होतो," काकू म्हणाल्या. "तडफडतात बिचारे. बायकोला कसं बघवेल सांग."

पोरीचे डोळे भरून आले. बातमीपत्रानं ते वाक्य संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवलं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं गल्लीत सगळे म्हणू लागले. काकूंना यातल्या कशाचीही लाज वाटली नाही.

सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते तेव्हा लेक रजा काढून आली. आल्या आल्या बापाच्या पायाशी बसली. "बाबा, माझं नाव घ्या. एकदाच. अर्धं घेतलंत तरी चालेल." काकांनी प्रेमानं तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. ती तासभर विनवत होती. काकू बाहेर कडा कापत होत्या, कात्रीनं, वहीत लिहिल्याप्रमाणे. त्यांना लेकीचं रडणं ऐकू येत होतं. पोरीचा काय दोष होता, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरी त्यांनी ती कड शेवटपर्यंत कापली.

मग त्या हात धुऊन आत आल्या. काकांनी त्यांना जवळ बोलावलं, हातानं, खूण करून. काकू वाकल्या तशी काकांनी त्यांचा, धुऊनही मातीनं काळाच राहिलेला, हात धरला आणि आपल्या गालाला लावला. एकतीस वर्षांत असं घडलं नव्हतं. काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्यांचे ओठ हलायला लागले. राग नव्हता त्यात, काकूंनी त्यांचा राग पुरता ओळखला होता. हे दुसरंच काहीतरी होतं. मानेच्या शिरा ताणल्या, ओठांनी एक आकार धरला, मोडला, पुन्हा धरला. घशातून आवाज वर येऊ लागला.

"आई, बघ!" लेक ओरडली. "बाबा तुला काहीतरी सांगतायत!"

काकूंना एक क्षण ऐकावंसं वाटलं. फार वाटलं. मग त्यांना वाटलं, एक शब्द आला की दुसरा येणार.

त्यांनी काकांच्या ओठांवर तळहात ठेवला. "राहू द्या हो, दमाल," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळतं सगळं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि सुटल्यासारखा श्वास सोडून तोंड मिटलं. लेक आईच्या गळ्यात पडून रडली. पुढे काका अकरा वर्षं जगले. तोंड उघडायचे ते घास घ्यायला, आणि तो घास रोज दोन्ही वेळा काकूच भरवायच्या.