पडदेवालीचं पुढं काय झालं

"तू? इथं?"

गाईडच्या हातातली लाइफ जॅकेटं हातातच राहिली. समोर त्याची बायको उभी होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पिशवी छातीशी धरलेली, आणि बोट अजून धक्क्याला बांधलेली असतानाही एका हाताने कठडा पकडलेला.

"तिकीट काढलंय," ती म्हणाली. "फुकट नाही आले."

"पण तुला पाण्याची भीती..."

"भीती माझी आहे, मी बघून घेईन. तुम्ही तुमचं काम करा."

त्याने आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरच नवल. एक जॅकेट तिच्या अंगावर चढवून त्याने बंद आवळले आणि तो पुढच्या प्रवाशाकडे वळला. ते जॅकेट उसवलं तेव्हा तिनेच शिवून दिलं होतं, टाका ओळखीचा होता. ती मागच्या बाकावर जाऊन बसली.

तिला सगळे टेलरबाई म्हणत. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाला लागून तिचं एका मशीनचं दुकान होतं, मागच्या खोलीत संसार. शाळेचे गणवेश, पडदे, चेन बदलणं, पँट आखूड करणं. माप द्यायला हात वर करून उभा राहिलेला माणूस, का कोण जाणे, मनातलं सगळं बोलून मोकळा होतो. ते सगळं टेलरबाई दिवसभर गोळा करायची आणि रात्री जेवताना नवऱ्यापुढे मांडायची. नवरा मान खाली घालून जेवायचा. ती थांबली की म्हणायचा, "हं." तिच्या बहिणीने लग्नातच त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. जेवण झालं की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि कधीकधी त्याचे ओठ हलताना दिसायचे. आपल्यालाच शिव्या देत असेल, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. घुम्याबरोबर संसार करायचा तर असं काहीतरी आपलं आपणच ठरवून टाकावं लागतं.

तेही चाललं असतं. पण गेल्या आठवड्यात शेजारची नर्स आपल्या पाहुण्यांना घेऊन बोटीवर जाऊन आली, आणि दुकानाची पायरी चढायच्या आधीच हसायला लागली.

"काय गं तुझा नवरा! काय बोलतो, काय बोलतो! माझे पाहुणे मासे सोडून त्याच्याच तोंडाकडे बघत बसले."

"माझा नवरा? दुसरा कुणी असेल. नीट बघितलंस का?"

"तोच गं, कानाजवळ तीळ असलेला. मजा आहे बाई तुझी. रोज घरबसल्या!"

टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मीठ हवं असलं तरी हा तोंड उघडत नाही, नुसता बरणीकडे बघतो. आणि तिकडे परक्यांना पोट धरून हसवतो? एखादी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. इथे बोट भरून अनोळखी माणसं, कुणाकुणाच्या उपटणार? त्या दिवसापासून ती जेवताना मिठाची गुळणी धरून बसली. त्याने "काय झालं?" असंही विचारलं नाही. मग तिने गुपचूप तिकीट काढलं.

बोट बंदराबाहेर पडली. गाईडने घसा साफ केला, आणि टेलरबाईने न ऐकलेला एक आवाज त्याच्या गळ्यातून बाहेर आला. मोकळा, खेळकर, जरासा नाटकी.

"डॉल्फिन आले की ओरडू नका हं. तिकीट आपण काढलंय, पण आपल्याला बघायला ते येतात. फुकटात!"

बोट हसली. थोड्या वेळाने डॉल्फिन खरंच आले, बोटीच्या नाकासमोर उड्या मारून गेले. सगळे पुढच्या टोकाला धावले. टेलरबाई जागची हलली नाही. ती माणसांकडे बघत होती. हसून डोळे पुसणारा तो टोपीवाला, नवऱ्याच्या खांद्यावर कोसळणारी ती नवी नवरी, आणि सगळ्यांत पुढच्या बाकावर बसलेली ती पांढऱ्या आखूड केसांची बाई. तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत होते. ती दातांची डॉक्टर होती, दर वर्षी एकटीच येऊन आठवडाभर राहायची आणि रोज बोटीवर यायची. गाईडही जे बोलायचं ते आधी तिच्याकडे बघून बोलत होता. टेलरबाईने मनातल्या मनात तिच्या ब्लाउजच्या दोन्ही खांद्यांची शिवण चुकलेली असल्याचं ठरवलं.

"खडकांजवळ गेल्यावर एक मासा भेटेल," गाईड सांगत होता. "घाबरला की अंग फुगवतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचं उलटं. पँटचं माप देताना पोट आत ओढतात, 'लग्नातलंच माप घ्या' म्हणतात. आणि श्वास सोडला की टेपचा जीव जातो!"

बोट पुन्हा हसली. टेलरबाई ताठ झाली. औषधांच्या दुकानाचे मालक! टेपचा जीव जातो, हे तिचे शब्द होते. त्या रात्री ते ऐकून हा "हं" म्हणाला होता आणि त्याने नुसतं पाण्याच्या तांब्याकडे बघितलं होतं.

"आणि एक एवढासा मासा आहे. घर ओंजळभर, पण रुबाब बंगल्याचा. कुणी जवळ गेलं की अंगावर येतो. आमच्या नात्यात एक बाई आहेत. त्यांच्या दारात चप्पल काढली की विचारतात, 'किती वेळ ठेवणार?'"

ही तर तिची जाऊ! म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या चालल्या होत्या. पीठ हिने दळायचं, आणि नक्षी काढून वाहवा त्याने घ्यायची. बरं, रागवावं तर लोक तिच्याच बोलण्याला हसत होते. पण त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो घरी कधी हसला नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हे. तिला वाटलं, इतक्या वर्षांत आपण एकदाही त्या पुढच्या बाकावर बसलेलो नाही.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते सगळं राहू द्या हो. आधी त्या पडदेवालीचं सांगा. मागच्या वर्षी तुम्ही अर्ध्यातच सोडलंत. पुढं काय झालं तिचं?"

"जेवताना सांगतो," गाईड म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर मागच्या बाकाकडे गेली.

पडदेवालीसुद्धा! दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाची गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. टेलरबाईने ती त्याला तुकड्यातुकड्याने, आवाज खाली आणून सांगितली होती.

खडकांपाशी बोट नांगरली. पाण्याखाली बघायच्या काचा, श्वासाच्या नळ्या, पायांचे पंखे वाटले गेले. डॉक्टरीणबाईंनी नाक धरलं आणि पाण्यात उडी घेतली. टेलरबाई वरून बघत होती. ती उतरते, मग मी का नको? मत्सर माणसाकडून काय करवून घेईल याचा नेम नाही. तिने पिशवी बाकाखाली सारली, शिडी धरली आणि डोळे मिटून एकेक पायरी उतरली.

गाईड पाण्यात तिच्या शेजारी आला. त्याने तिची काच नीट बसवली, नळी तोंडात दिली, तिचा एक हात रबरी कड्यावर ठेवला आणि दुसरा आपल्या हातात घेतला. "तोंड घाल पाण्यात. मी आहे."

तिने तोंड घातलं. खाली पिवळे, जांभळे, शेवाळी खडक होते आणि त्यांच्या फटीफटीतून मासे ये-जा करत होते, कुणाला कशाची घाई नसल्यासारखे. तो बोटाने दाखवत होता, ती बघत होती. दोघांच्याही तोंडात नळ्या. लग्नानंतर पहिल्यांदाच, अबोल्याशिवाय, दोघं सारखेच मुके होते, आणि तिला ते बरं वाटलं. जेमतेम बरं वाटायला लागलं, तोच त्याचा हात सुटला.

तिने पाण्यातच मान वळवली. डॉक्टरीणबाईंच्या काचेत पाणी शिरलं होतं आणि त्या हात हलवत होत्या. तो तिकडे गेला. नियमच होता तो, त्याचं कामच होतं ते. पण तिचा हात त्या पाण्यात नुसता उघडा राहिला. तेवढ्यात खडकाच्या कपारीतून एक चिमुकला काळा मासा निघाला आणि तडक तिच्या काचेवर चालून आला. एकदा, दोनदा, तीनदा. हुबेहूब जाऊबाई! तिला हसू फुटलं, नळीतून खारं पाणी घशात गेलं, खोकत खोकत तिने डोकं वर काढलं.

"अहो! अहो, अगदी..."

तो पलीकडे दुसरीच्या काचेतलं पाणी ओतून टाकत होता आणि काहीतरी बोलत होता. डॉक्टरीणबाई मान मागे टाकून हसत होत्या. टेलरबाईने तोंड मिटलं. तोंडात मीठच मीठ झालं होतं.

जेवणाला बोट वाळूच्या बेटावर लागली. तिथे शंखात राहणारे खेकडे फिरत होते. गाईडने एक तळहातावर घेतला.

"हा वाढला की जुना शंख सोडतो आणि मोठा शोधतो. पण पडदेवालीचं उलटं झालं." सगळे सरसावून बसले. "नवीन लग्न, मोठं घर. तिने निळे पडदे शिवून घेतले, जमिनीपर्यंत लोळणारे. वर्षभराने परत घेऊन आली. घर बदललंय, खिडक्या लहान आहेत, कापून द्या. पुढे पुन्हा आली. पुन्हा घर बदललं, आणखी कापा. नवरा काय करतो, घर का बदलतं, बोलायची नाही. नुसती नवं माप सांगायची. आणि मग..."

"मग?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गाईड थांबला. पुढचं त्याच्याकडे नव्हतंच. पडदेवाली परवाच दुकानात येऊन गेली होती, आणि घरात आठवडाभर तोंडं बंद होती. खेकडा त्याच्या हातावरून खाली पडला.

"पुढचं हिला विचारा," त्याने मागे बोट केलं. "ही माझी बायको. खरं सांगायचं तर सगळं हिचंच आहे. मी नुसता म्हणून दाखवतो."

सगळ्या माना वळल्या. टोपीवाला टाळ्या वाजवायला लागला. टेलरबाईची जीभ वळवळली. एवढे श्रोते तिला जन्मात मिळाले नव्हते. तिने पुढच्या रांगेतल्या त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"ते मी घरी सांगेन," ती म्हणाली. "यांना. जेवताना."

"ओ काकू, असं काय करता!" नवी नवरी ओरडली. टेलरबाई डबा बंद करण्यात गुंतली होती.

रात्री ताटं वाढून झाली. त्याने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मग? ती पडदेवाली?"

इतक्या वर्षांतला हा त्याचा पहिला "मग". त्यावर विरघळायची तिची तयारी नव्हती.

"नाही सांगणार. उद्या बोटीवर न्यायला हवंय ना? माझ्या बोलण्यावर त्या बाईला हसवता. मला एकदा तरी हसून दाखवलंत?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "हसलो की विसरतो."

"काय?"

"मला बोलता येत नाही गं. सुरुवातीला नुसती माशांची नावं सांगायचो, लोक डुलक्या घ्यायचे. बोटीचे मालक म्हणाले, असं असेल तर येऊ नका. त्या रात्री तू वहिनीच्या चपलांचं सांगितलंस. दुसऱ्या दिवशी तेच म्हणून बघितलं, तुझ्यासारखंच, जसंच्या तसं." त्याने ताटात रेघ ओढली. "तू बोलतेस तेव्हा मी पाठ करत असतो. मध्येच हसलो तर शब्द निसटतात."

भिंतीकडे तोंड, हलणारे ओठ. शिव्या नव्हत्या तर. तिला बरं वाटायला हवं होतं. पण राग काही गेला नाही, उलट आणखी आत सरकला. म्हणजे इतकी वर्षं ती शेजारी बसून बोलत होती, आणि हा ताटावर बसल्याबसल्या बोटीवरच होता.

"सांगते," ती म्हणाली. "पण ओठ हलवायचे नाहीत. ही बोटीची नाही."

त्याने मान हलवली.

"परवा आली. म्हणाली, पडदे मोठे करता येतील का? आता एकटी राहते. एकच खोली, एकच खिडकी, पण म्हणाली, 'खिडकी केवढी मोठी आहे, बाई!' मी म्हटलं, कापलेलं कापड कसं मोठं करणार? ती निघाली. दारापर्यंत गेली. तेव्हा मी कपाटाचा खालचा खण उघडला. दर वेळी कापलेल्या पट्ट्या घडी करून ठेवल्या होत्या मी. सगळ्या."

"का ठेवल्या होत्यास?"

"कोण जाणे. टाकवल्या नाहीत." तिने भात कालवला. "बसली तिथेच, पायरीवर. रडली नाही. पट्ट्या मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली."

ती बोलायची थांबली. "हं" आला नाही. त्याचा हात ताटावर वाळत चालला होता आणि तो तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या ओठांवर नीट लक्ष ठेवलं. ते हलले नाहीत.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. पोहण्याच्या पिशवीची चेन तुटली होती. त्यांनी ती कापायच्या टेबलावर, शिवून तयार असलेल्या निळ्या कापडावरच ठेवली.

"काल पुन्हा विचारलं मी त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणाले, पुढचं माहीत नाही. आज विचारलं, तरी तेच." त्या जरा हसल्या. "वर्षभर डोक्यात होती हो ती बाई. घरी मी एकटीच असते, काहीतरी डोक्यात घोळत राहतं. तुम्हाला तरी ठाऊक असेल ना?"

बोलता बोलता त्यांनी आतल्या खोलीच्या दारावरच्या, अर्धवट सरकलेल्या पडद्याकडे पाहिलं. त्यामागे दोन ताटं, दोन पाट दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते टेलरबाईने लगेच ओळखलं. आठवडाभर ते तिच्याच चेहऱ्यावर होतं.

ती बोलायला लागणार होती. ओठ उघडलेही.

"नाही," ती म्हणाली. "मलाही नाही माहीत."

तिने टेबलावरची पिशवी हळूच उचलून बाजूला ठेवली. डॉक्टरीणबाईंचा हात निळ्या कापडावरून फिरला.

"सुंदर आहे. पण एवढ्या शिवणी का?"

"जुनं आहे," टेलरबाई म्हणाली, आणि पडद्याची घडी घालून तिने तो आपल्या बाजूला ओढून घेतला. "चेन उद्या लावून ठेवते. संध्याकाळी या."