कासलबारची नदी कुठली?

सलीलला 'येत नाही' असं म्हणता येत नसे, हा त्याचा जुना आजार. त्याच आजारापायी तो आज आयर्लंडमधल्या कासलबार गावात, मोहन रामदीनच्या बैठकीच्या खोलीत, उघड्या शवपेटीशेजारी पांढरा कुर्ता घालून मांडी ठोकून बसला होता.

झालं होतं असं. दोघं एकाच मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये कामाला. मोहन दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचा. त्याचे खापरपणजोबा बिहारकडून तिथे उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेले, आणि तो स्वतः गेली वीस वर्षं आयर्लंडात. हिंदीचा एक शब्द धड येत नाही, पण मंगळवारी मटणाला शिवायचा नाही. प्लांटच्या निर्जंतुक क्लीनरूममध्ये शिरण्याआधी कपडे बदलताना त्याने एकदा सलीलच्या गळ्यात जानवं पाहिलं. गेल्या श्रावणात आईने पुण्यात घालायला लावलं होतं आणि सलीलने आळसाने काढलं नव्हतं, एवढंच. पण मोहनच्या लेखी सलील त्या दिवसापासून पंडित. सोमवारी मोहनची आई, सरिता, गेली. डब्लिनचे गुरुजी नेमके इंडियाला गेलेले. मोहनने फोन केला. "तू खरा इंडियन आहेस. तू करशील ना माझ्या आईचं?"

"करतो," सलील म्हणाला.

वैदेहीने, त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अरे, तुला काय येतं? सांग ना सरळ, नाही जमणार म्हणून!"

"पुण्याच्या गुरुजींनी व्हॉइस नोट पाठवलीये. ग्रँड होईल गं सगळं, डोन्ट वरी."

खरं कारण त्याने तिलाही सांगितलं नाही. कोविडमध्ये त्याचे बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. अग्नी चुलतभावाने दिला. सलीलने तो किचनमध्ये उभं राहून मोबाइलवर पाहिला, आणि ऐन वेळी नेट गेलं. ते त्याला अजून सलत होतं. निदान कुणाच्या तरी आईला नीट निरोप द्यावा, एवढंच त्याला हवं होतं.

शॅननच्या दहनगृहात एकची वेळ मिळाली होती. रस्ता दोन तासांचा, त्यामुळे गाडी साडेदहाला निघणार होती. किचनमध्ये शेजारच्या बायकांनी सँडविचची ताटं आणि चहाच्या किटल्या मांडल्या होत्या. मोहनची मावशी वासंती न्यूयॉर्कहून आली होती. ऐंशीची म्हातारी, डोक्यावरून पांढरी ओढणी, सलीलच्या हातांवर डोळे रोखून बसलेली.

सलीलने मोहनच्या हातावर पाणी सोडलं, तीळ ठेवले, डोळे मिटले आणि लहानपणी पाठ झालेला संकल्प धडाधड म्हणायला लागला. जंबुद्वीपे, भरतखंडे, गोदावर्याः दक्षिणे तीरे...

"थांब, बेटा," मावशी इंग्रजीत म्हणाली. "कुठली नदी म्हणालास?"

"गोदावरी."

"ती इथे आहे?"

"नाही आंटी, महाराष्ट्रात."

"मग माझी बहीण इथून निघालीये की महाराष्ट्रातून? गयानात आमचे पंडित डेमेराराचं नाव घेतात. न्यूयॉर्कला हडसनचं. पत्ताच चुकीचा दिला तर ती पोचणार कशी?"

सलीलने हातातली पळी खाली ठेवली. म्हणजे इतकी वर्षं दर गणपतीत, कासलबारच्या भाड्याच्या घरात पाट मांडून, आपण देवाला बोलावत होतो ते कुठे? आणि भरतखंडे तरी कसं म्हणायचं? आयर्लंड कुठल्या खंडात बसवायचं? व्हॉइस नोटमध्ये यातलं काही नव्हतं.

"इथली नदी कुठली?" त्याने हळूच मोहनला विचारलं. मोहनने डोकं खाजवलं. वीस वर्षांत त्याला कधी गरजच पडली नव्हती. दारात किटली घेऊन उभी असलेली शेजारीण ब्रीडा म्हणाली, नदी आहे, पण अगदीच बारकी. त्यापेक्षा लॅनाहचं तळं मोठं आहे, सरिता रोज तिथे फिरायला जायची.

दाराशी शववाहिनीचा काळ्या कोटातला माणूस घड्याळ बघत होता. सगळे सलीलकडे बघत होते. पाठ केलेलं सगळं त्याच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं.

"मला येत नाही," तो म्हणाला. "सॉरी, मोहन. मला खरंच येत नाही."

कोणी रागावलं नाही. मावशी गुडघ्यावर हात टेकत उठली, त्याच्या जागी बसली आणि तिने लॅनाह सरोवराच्या तीरी असं म्हणून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. तिचे उच्चार ऐकून पुण्याच्या गुरुजींनी कान झाकले असते. शेवटी तिने भोजपुरी भजन म्हटलं. सलीलला त्यातलं निम्मं समजलं. तिला स्वतःला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं, पण तिने ते सगळं म्हटलं.

गाडी गेली. दोन तासांचा प्रवास मावशीला झेपणारा नव्हता, म्हणून ती मागे राहिली; तिच्या सोबतीला सलील थांबला. ती सलीलसमोर किचनमध्ये बसली. आपल्या दोघांत खरा इंडियन कोण, हे सलीलला आता अजिबात सांगता आलं नसतं.

"वडील आहेत?" तिने विचारलं.

"नाहीत. कोविडमध्ये गेले."

"तू केलंस त्यांचं?"

"नाही. मी इथे होतो. फोनवर पाहिलं."

मावशीने चहा त्याच्याकडे सरकवला.

"दहाव्या दिवशी मोहन पिंड देईल. मी एक जास्त करते. तूही ये."

"पण आंटी, आमच्यात ते वेगळं असतं. म्हणजे, आता इतक्या वर्षांनी, आणि तुमच्या पद्धतीने..."

"असेल वेगळं," ती म्हणाली. "त्यांचं नाव सांग."

"उल्हास," सलील म्हणाला, आणि परक्या किचनमध्ये, हॅम सँडविचच्या ताटासमोर, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडला.