तोतया कांदेवाला

माझा नवरा एर्वे जन्मभर पोस्टात होता. बोटीत त्यानं कधी पाऊलही ठेवलेलं नाही. पण दर ऑगस्टला इथं फ्रान्सच्या किनाऱ्यावर, रॉस्कॉफच्या बंदराजवळ आमचं कांद्याचं दुकान लागलं, की हा जुनी टोपी चढवतो, सायकलीच्या दांड्याला गुलाबी कांद्यांच्या वेण्या लटकवतो आणि बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना सांगतो, "ह्याच सायकलवरून वेल्समध्ये दारोदार कांदे विकलेत मी!" लोक फोटो काढतात, कांदे घेतात. मीही गप्प बसते. गिऱ्हाईक कशाला तोडा?

पूर्वी इथले कांदेवाले समुद्रापार वेल्सला जाऊन सायकलवरून कांदे विकायचे. आमच्या घरात हे खरोखर केलं ते त्याच्या थोरल्या भावानं, फांशनं. चांगली सात वर्षं. पण फांशभाऊजी पडले माणूसघाणे. मागच्या खोलीत वेण्या गुंफत बसतात, गिऱ्हाइकाची चाहूल लागली की पडदा ओढून घेतात. लग्नही केलं नाही.

गेल्या वर्षी सकाळच्या बोटीनं पन्नाशीची एक बाई आली. नाव नेरिस. वेल्समध्ये शाळेत फ्रेंच शिकवायची, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती.

"स्वान्सीला चर्चच्या मागच्या गल्लीत कांदे घेऊन कोण यायचं हो? अडुसष्ट सालची गोष्ट."

"मीच की!" एर्वे म्हणाला. अडुसष्ट साली हा नऊ वर्षांचा होता. दाढी पिकलीय, म्हणून खपून जातं.

"निळ्या दाराचं घर आठवतं?"

"निळं! अगदी निळं!"

"आणि तिथली एलुनेद?"

"तिला कोण विसरेल, बाई!"

"मग तिला लग्नाचं विचारून पळून का गेलात?"

एर्वेनं माझ्याकडे बघितलं. मी हातातली सुतळी खाली ठेवली.

"सांग की," मी म्हटलं. "मलाही कळू दे. मला तर तू विचारलंसुद्धा नव्हतंस. तुझ्या आईनं विचारलं होतं."

"अगं, तेव्हा मी... लहान होतो."

"आई, सापडला!" नेरिसनं रस्त्याकडे तोंड करून हाक मारली.

काठी टेकत एक म्हातारी आत आली. तिनं एर्वेला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि नकारार्थी मान हलवत आपल्या भाषेत काही म्हणाली. नेरिस हसून म्हणाली, "आई म्हणते, हा नव्हे. त्याचे कान सुपाएवढे होते."

पडद्यामागे कांदे धपकन खाली पडले. मी पुढे होऊन सरळ पडदाच ओढला. अर्धी वेणी मांडीवर घेऊन भाऊजी बसलेले. कान सुपाएवढेच, आणि लालबुंद.

म्हातारी काहीतरी बोलली. भाऊजींनी तिच्याच भाषेत उत्तर दिलं! आमच्याशी दिवसाकाठी चार शब्द बोलायचे नाहीत हे. नेरिस आम्हाला सांगत गेली.

"आई म्हणते, पायरीवर उभं राहून विचारलंस, मी क्षणभर मागे वळले, तेवढ्यात तू सायकलवर टांग टाकलीस. पुन्हा गल्लीत फिरकला नाहीस."

"ते म्हणतात, घाबरलो. नाही म्हणशील म्हणून, आणि हो म्हणशील म्हणूनही."

"आई म्हणते, उत्तर द्यायलाच आलेय. नाही."

भाऊजींनी एवढा लांब श्वास सोडला, की मला वाटलं आता आडवे होतात. पण ते हसायला लागले. त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"आई म्हणते, तू अंघोळ करत नव्हतास."

दुपारी मी सगळ्यांना कांदा घालून कुट्टूच्या पिठाची धिरडी वाढली. एलुनेदबाईंनी चार खाल्ली. त्याच संध्याकाळी परत जाणार होत्या, राहिल्या पाच दिवस. रोज धक्क्यावर दोघं भांडत फिरायची. कशावरून, देव जाणे. एर्वे मात्र टोपी काढून आत कांदे निवडत बसला. दारात उभं राहायची हिंमत होईना.

ऑक्टोबरात भाऊजी नवा शर्ट घेऊन आले, आणि बोटीचं तिकीट.

"भाऊजी, ती तर नाही म्हणालीय ना?" मी विचारलं.

"हो ना," ते म्हणाले, "म्हणून तर आता बिनधास्त जाता येईल."